डोव्हरच्या शाळेंतील चार परिच्छेद

जानेवारी २००५ मध्यें अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांतील डोव्हर या लहानशा गांवांत एक विलक्षण प्रसंग घडला. नववीच्या मुलांना उत्क्रांतीचा पाठ देण्यापूर्वीं चार परिच्छेदांचें एक निवेदन वाचून दाखवावें, असा तेथील शाळामंडळाचा हुकूम होता. शास्त्रशिक्षकांनीं तें वाचण्याचें साफ नाकारलें. जाणूनबुजून विषयाचें विपर्यस्त स्वरूप विद्यार्थ्यांपुढें मांडूं नये, हा शिक्षकी पेशाचा लेखी नियम त्यांनीं वरिष्ठांना कळविला. अखेर अधिकाऱ्यांना स्वतः वर्गांत जाऊन निवेदन वाचावें लागलें. पगारी माणसाला वरिष्ठांना असें लिहून देणें किती जड जातें, हें ज्यानें आयुष्यभर खडू हातीं धरला त्याला सांगावयास नको.

निवेदनांत होतें तरी काय? डार्विनचें मत ही केवळ एक 'थिअरी' आहे, वस्तुस्थिति नव्हे; तींत उणिवा आहेत; बुद्धिपुरःसर रचनावाद हें जीवोत्पत्तीचें निराळें स्पष्टीकरण असून त्यावरील पुस्तक जिज्ञासूंसाठीं ठेविलें आहे. ऐकावयास हें उदारपणाचें वाटतें. परंतु घोटाळ्याचें मूळ त्या 'थिअरी' शब्दांतच आहे. इंग्रजींत बाजारांतला माणूस आपल्या तर्कालाहि तोच शब्द लावतो, आणि शास्त्रज्ञ असंख्य पुराव्यांच्या कसोटीस उतरलेल्या सिद्धान्तालाहि तोच लावतो. मराठींत तर्क निराळा, सिद्धान्त निराळा. निदान एवढी सोय आपल्या भाषेनें करून ठेविली आहे.

निवेदन वाचलें जाण्यापूर्वींच, डिसेंबर २००४ मध्यें, ११ पालकांनीं मंडळावर फिर्याद केली होती. सार्वजनिक शाळेंत धर्ममताचा पुरस्कार होऊं नये, हा अमेरिकन राज्यघटनेचा दंडक. तेव्हां रचनावाद हें शास्त्र कीं धर्ममत, हा प्रश्न हॅरिसबर्ग येथें न्यायाधीश जॉन जोन्स यांच्यापुढें २००५ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चालला.

रचनावादाची मुख्य बाजू जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनीं मांडली. त्यांचा आवडता दाखला उंदरांच्या सापळ्याचा. फळी, स्प्रिंग, दांडी, यांपैकीं एक काढा, कीं सापळा निरुपयोगी. जीवाणूच्या अंगीं पोहण्यासाठीं चाबकासारखी शेपटी असते. ती मुळाशीं यंत्राप्रमाणें गरगर फिरते. तिचाहि एक भाग काढल्यास ती थांबते. मग अर्धवट अवस्थांतून ती क्रमाक्रमानें कशी घडली असेल? अर्थात् कोणा बुद्धिमंतानेंच ती जुळविली असली पाहिजे. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा खचित नाहीं.

त्याचें उत्तर केनेथ मिलर यांनीं दिलें. हे स्वतः श्रद्धाळू कॅथॉलिक, आणि डोव्हरच्या शाळेंत चालणाऱ्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचे एक लेखक. सापळ्याचे कांहीं भाग काढले तर त्यांत उंदीर सांपडणार नाहीं, पण टायला लावावयाचा चिमटा तर होईल! जीवाणूंतहि तसेंच आहे. कांहीं रोगकारक जीवाणु दुसऱ्या पेशींत विष सोडण्यासाठीं सुईसारखें एक साधन वापरतात. त्याचे घटक त्या शेपटीच्या बुडाशीं असलेल्या घटकांशीं जुळतात. म्हणजे शेपटीचे कांहीं भाग नसतांहि उरलेल्यांना निराळें काम असूं शकतें. उलटतपासणींत बीहींना एक कबुली द्यावी लागली. शास्त्रीय 'थिअरी'ची त्यांनीं केलेली व्याख्या इतकी सैल होती कीं तींत फलज्योतिषहि बसे.

खरा घाव घातला तो मात्र जुन्या हस्तलिखितांनीं. शाळेंत ठेविलेल्या त्या पुस्तकाचे मूळ मसुदे न्यायालयांत आले. शाळांतून 'ईश्वरी सृष्टि'वाद शिकविण्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं रद्द ठरविला होता. त्यानंतरच्या मसुद्यांत 'सृष्टि' आणि तिचे सजातीय शब्द सुमारें १५० ठिकाणीं खोडून तेथें 'बुद्धिपुरःसर रचना' घातली होती. एके ठिकाणीं तर खोडतांना घाई होऊन जुन्या शब्दाचीं टोंकें नव्याला चिकटून राहिलीं!

२० डिसेंबर २००५ रोजीं १३९ पृष्ठांचा निकाल लागला. रचनावाद खरा कीं खोटा, यावर न्यायाधीशांनीं मत दिलें नाहीं. तो शास्त्र नव्हे, म्हणून शास्त्राच्या तासाला त्याला जागा नाहीं, एवढें त्यांनीं ठरविलें. तत्पूर्वींच, नोव्हेंबरांत, मंडळाच्या निवडणुकींत उभे असलेले आठहि जुने सभासद पडले होते. नव्या मंडळानें अपील केलें नाहीं, त्यामुळें हा निकाल वरच्या न्यायालयांत गेलाच नाहीं आणि त्याचें कायदेशीर बंधन त्या जिल्हा न्यायालयाच्या हद्दीपुरतेंच राहिलें. खर्चापोटीं मात्र डोव्हरच्या शाळांना सुमारें १० लाख डॉलर भरावे लागले.