आधी विचारा, मग सांगा

“डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं!” बायोप्सीचा रिपोर्ट आला, की मुलं वॉर्डाबाहेर मला गाठतात. आत खाटेवरचे बाबा मात्र सगळ्यांचे चेहरे वाचत असतात.

कर्करोगाचं निदान रुग्णाला कसं सांगावं, यासाठी अमेरिका-कॅनडातील डॉक्टरांनी २००० साली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. तिचं मर्म सोपं आहे: सांगण्याआधी विचारा. “तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? सगळं तुम्हाला सांगू, की मुलांशी बोलू?” काहींना सारं ऐकायचं असतं, काहींना नसतं. मग शेजारी बसून, सोप्या शब्दांत, थोडं थोडं सांगावं. रडू आलं तर थांबावं.

लपवलं, तर उपचारांची निवड, शेतीचे कागद, धाकटीचं लग्न, सारेच निर्णय रुग्णाच्या हातून निसटतात. बाबांना एकदा विचारू तरी द्या.