बंबाखालची राख

वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. पण तिथे परसदारी पाण्याचा बंब तापवणाऱ्याला जुनाच नियम लागू आहे: आधी राख काढा, मग जाळ घाला. बंबाला हवा खालून, जाळीतून मिळते. राख साचून जाळीला टेकली की हवा कोंडते, लाकूड नुसतं धुमसतं आणि खालचा वारा न लागल्याने लोखंडी जाळी तापून वाकते. सळईने जाळी मोकळी करा. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. त्यामुळे ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच काढावी, प्लॅस्टिकच्या बादलीत कधीच नाही. थंड राखेत पालाश आणि चुना असतो. झाडाच्या आळ्यात मूठभर पुरे. मात्र प्लायवूड किंवा रंगवलेल्या फळ्या जाळल्या असतील, तर ती राख झाडांना घालू नका.