उच्च एंट्रॉपी मिश्रधातूंचे उष्ण विरूपण

पाच वा अधिक मूलद्रव्ये जवळजवळ समप्रमाणात (प्रत्येकी साधारणतः ५ ते ३५ आणवीय टक्के) एकत्र करून बनविलेल्या मिश्रधातूंवर उच्च तापमानाला भार दिला असता त्यांच्या आकारात व अंतर्रचनेत होणारे कायम स्वरूपाचे बदल. पोलाद, पितळ यांसारख्या रूढ मिश्रधातूंत एक धातू प्रमुख व इतर गौण असतात. येथे तसा भेद राहत नाही. पाच मूलद्रव्यांच्या समप्रमाण मिश्रणाची एंट्रॉपी एका मोलमागे दर केल्व्हिनला सु. १३·४ ज्यूल येते. तीमुळे ठिसूळ संयुगांऐवजी एकच घन विद्राव बनण्यास साहाय्य होते, ही कल्पना तैवानमधील जे. डब्ल्यू. येह यांनी २००४ मध्ये मांडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बी. कँटर यांनी कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगॅनीज व निकेल यांच्या समप्रमाण मिश्रणात एकच पृष्ठकेंद्रित घनीय प्रावस्था मिळाल्याचे प्रसिद्ध केले. यांतील मँगॅनिजाची धातुके नागपूर व भंडारा जिल्ह्यांत विपुल आहेत.

भारतात एस. रंगनाथन यांनी २००३ मध्येच अशा बहुधातवीय मिश्रणांकडे लक्ष वेधले होते. येह व रंगनाथन यांच्यासह या विषयावरील ग्रंथ (२०१४) लिहिणारे बी. एस. मूर्ती हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आताची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) पदवीधर होत.

घडाई व लाटण या क्रिया सामान्यतः वितळबिंदूच्या (केल्व्हिनमधील) निम्म्याहून अधिक तापमानाला करतात. त्या वेळी धातूत दोन विरोधी प्रक्रिया एकाच वेळी चालतात. स्फटिकातील स्थानभ्रंश (अणूंच्या मांडणीतील रेषीय दोष) वाढत जाऊन धातू कठीण होते. उलट, हे दोष परस्परांना नाहीसे करून किंवा नवे निर्दोष कण उत्पन्न होऊन ती मऊ होते. ॲल्युमिनियमात पहिला मार्ग सुलभ असतो. कँटर मिश्रधातूत मात्र अणुस्तरांच्या क्रमातील दोषाची ऊर्जा कमी असल्याने स्थानभ्रंश दुभंगून पसरतात व त्यांना आपले प्रतल सोडणे अवघड जाते. ते साचत राहतात आणि अखेर जुन्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म नवे कण माळेतील मण्यांप्रमाणे उगवतात. म्हणून तिचा ताण प्रथम वाढून कमाल मूल्य गाठतो व नंतर उतरतो. तापमान कमी आणि विरूपणाचा वेग जास्त असल्यास नवे कण वाढण्यास अवधी मिळत नाही. तापमान व वेग यांचा हा एकत्रित परिणाम झेनर व हॉलोमन यांनी १९४४ मध्ये पोलादाच्या अभ्यासातून दिलेल्या राशीने दर्शवितात. सुरक्षित घडाईची मर्यादा ठरविण्यासाठी वाय. व्ही. आर. के. प्रसाद व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेली प्रक्रिया-नकाशांची पद्धत येथेही वापरली जाते.

या मिश्रधातूंत अणूंचे विसरण मुळातच मंद असते व त्यामुळे त्या उष्णतेत बळकट राहतात, असे आरंभी सरसकट म्हटले जाई. मूर्ती व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी निकेल वापरून केलेल्या मापनांनंतर (२०१६) हे विधान जपून करावे लागते. घटकांची संख्या वाढली की विसरण मंदावतेच असे नाही. स्थैर्याविषयीही तसेच आहे. कँटर मिश्रधातू ५०० दिवस तापवत ठेवली असता ९००° से.ला ती एकजिनसी राहिली, पण ७००° से.ला क्रोमियमसमृद्ध प्रावस्था वेगळी झाली आणि ५००° से.ला तिचे अधिक विघटन झाले. तेव्हा केवळ एंट्रॉपीवर विसंबून दीर्घकाळ तापणाऱ्या भागांसाठी ती निवडणे धोक्याचे ठरेल.

खरी उष्णतासहता उच्चतापसह धातूंच्या गटात आढळते. नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटॅलम व टंगस्टन यांच्या मिश्रधातूत १,६००° से.ला, म्हणजे निकेलाच्या वितळबिंदूच्याही (१,४५५° से.) वर, कायम विरूपण सुरू होण्यास सु. ४०५ मेगापास्काल संपीडन-ताण लागतो (सेन्कॉव्ह व सहकारी, २०११). परंतु ही मिश्रधातू थंड स्थितीत ठिसूळ असते, आणि या चाचण्या निर्वातात घेतल्या होत्या. उष्ण हवेत तिचे ऑक्सिडीभवन टाळण्यासाठी संरक्षक लेप आवश्यक ठरतो.