पळस होळीवर मोजू नका

शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरपासून चोपडा, यावल, रावेरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलला, की एक वाक्य अधूनमधून हमखास ऐकू येते : “यंदा होळीच्या कितीतरी आधीच फुलला, हवामान बिघडलंय!” हवामान बिघडले असेलही, पण हा त्याचा पुरावा नव्हे. २०२३ ची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. मग अधिक श्रावण आला आणि २०२४ ची होळी २४ मार्चला गेली. पळस दोन्ही वर्षी एकाच तारखेला फुलला असता, तरी दुसऱ्या वर्षी तो अडीच आठवडे घाईत वाटला असता. सरकली ती होळी. म्हणून नोंद तारखेनेच हवी, आणि ती फुलापाशी थांबू नये. जानेवारीत पानगळ होत आलेल्या फांद्यांवर काळपट मखमली कळ्यांचे घोस धरतात. पुढच्या केशरी बहराचे फोटो सगळेच काढतात. शिंजीर, मैना, खारी त्या फुलांवर येतात. त्यातून बीजधारणा किती झाली, ते मात्र उन्हाळ्यात चपट्या, लोंबत्या शेंगा मोजल्यावरच कळते. एका पळसपापडीत बी एकच, तेही टोकाला. उरलेली शेंग वाऱ्यावर उडण्यासाठी. शिवाय भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे झेपावतो तेव्हा हे झाड कोवळी पाने काढते, तीही तारीख लिहिण्याजोगी.

एका झाडावरून काय ठरणार, ही शंका रास्त आहे. एकाच बांधावरचे दोन पळससुद्धा मागेपुढे फुलतात. पण म्हणूनच दरवर्षी तेच झाड हवे. झाड बदलले, की फरक ऋतूचा की झाडाचा, हे सांगता येत नाही. अशी झाडे गावोगाव वाढली, की शंकेचे उत्तर मिळते. शेतकऱ्याला हे वहीशिवाय कळते, असेही म्हणतात. कळते, पण स्मरणात विलक्षण वर्षे राहतात, साधी पुसली जातात. आणि तुलना साध्या वर्षांशीच करायची असते. जपानच्या क्योतोत चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून सापडतात, म्हणूनच २०२१ चा २६ मार्चचा बहर बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असे ठामपणे म्हणता आले. आपल्याकडे ‘सीझनवॉच’ उपक्रमात सामान्य माणसे अशाच नोंदी करतात. जाता-येता दिसेल असा एक पळस निवडा, आठवड्यातून एकदा पाहा आणि कळी नसेल तर तारखेपुढे ‘नाही’ असेही लिहा.