विश्लेषण : देहविक्रय गुन्हा नाही, मग सुरक्षितपणे तो करणे गुन्हा कसे?

‘एस्कॉर्ट’, ‘कम्पॅनियन’, ‘फ्रेंडशिप सर्व्हिस’ अशा नावांच्या जाहिराती रेल्वे डब्यांतून आणि भिंतींवरून आता मोबाइलवर आल्या आहेत. शब्द बदलले तरी पैशांच्या मोबदल्यात शरीरसंबंध असतील तर लागू होणारा कायदा जुनाच आहे. या व्यवसायात स्वेच्छेने येणाऱ्या प्रौढ व्यक्तीला तो कुठवर संरक्षण देतो आणि सुरक्षिततेची कोणती साधने हिरावून घेतो, याविषयी...

देहविक्रय बेकायदा आहे का?

प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने, एकटीने आणि खासगी जागेत केलेला देहविक्रय हा भारतीय कायद्यानुसार गुन्हा नाही. या क्षेत्राला लागू होणारा मुख्य कायदा म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा. पोलीस आणि वृत्तपत्रांच्या भाषेत ‘पिटा’. हा कायदा देहविक्रयावर थेट बंदी घालत नाही, त्याच्या अवतीभवतीच्या गोष्टींना शिक्षा ठरवतो. कुंटणखाना चालवणे (कलम ३), दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे (कलम ४), एखाद्या व्यक्तीला या व्यवसायात आणणे (कलम ५), प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत देहविक्रय करणे (कलम ७) आणि सार्वजनिक ठिकाणी ग्राहकाला खुणावणे (कलम ८) हे गुन्हे आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन महिलांची सुटका करताना हेच स्पष्ट केले. देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही आणि प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी म्हटले होते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण ‘एकटीने’ या शब्दात आहे. ‘पिटा’नुसार कुंटणखान्याची व्याख्या फार व्यापक आहे. दोन किंवा अधिक महिला परस्परांच्या फायद्यासाठी एखादे घर, खोली किंवा वाहन वापरत असतील, तर तीही जागा कुंटणखाना ठरते. म्हणजे दलाल नको म्हणून दोन मैत्रिणींनी मिळून खोली घेतली, एकीकडे ग्राहक असताना दुसरी बाहेर थांबली, तरी कलम ३ लागू शकते. पहिल्याच गुन्ह्यात एक ते तीन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे.

कलम ४ ची गतही तीच. देहविक्रय करणाऱ्या व्यक्तीसोबत राहणारा किंवा सतत तिच्यासोबत वावरणारा माणूस तिच्या कमाईवर जगतो, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. सोबत ठेवलेला चालक, रखवालदार, अठरा वर्षांवरील मुलगा किंवा मुलगी असे कुणीही या जाळ्यात येऊ शकते. थोडक्यात, काम करण्यास मुभा आहे. मात्र सोबतीने, निश्चित जागी आणि उघड ओळखीने काम करणे, म्हणजे कुठल्याही धोक्याच्या कामातली पहिली खबरदारी घेणे, कायद्याच्या कचाट्यात सापडते.

‘एजन्सी’मार्फत काम करणे सुरक्षित का नाही?

एखाद्याला देहविक्रयासाठी मिळवून देणे हा कलम ५ नुसार गुन्हा आहे आणि त्यात त्या व्यक्तीची संमती होती की नाही, याने फरक पडत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षे. त्यामुळे ‘कायदेशीर एस्कॉर्ट एजन्सी’ असा दावाच मुळात फसवा असतो. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने एस्कॉर्ट सेवा देणारी २४० संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले होते. तरी नवी नावे घेऊन अशी संकेतस्थळे येत राहतात.

यातला दुसरा प्रकार निव्वळ लुबाडणुकीचा. ‘श्रीमंत महिलांची सोबत करा, रोज हजारो कमवा’ अशी जाहिरात पाहून तरुण फोन करतात. आधी नोंदणी शुल्क, मग ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, हॉटेलची अनामत अशी मागणी वाढत जाते आणि काम कधीच मिळत नाही. लाजेमुळे तक्रार होत नाही, हेच या टोळ्यांचे भांडवल. काम देण्याआधी पैसे, आधार कार्डाची प्रत किंवा छायाचित्रे मागितली जात असतील, तर ती फसवणूक किंवा पुढच्या ‘ब्लॅकमेलिंग’ची तयारी समजावी. कर्ज किंवा आगाऊ रक्कम देऊन कागदपत्रे ताब्यात घेणे, फोन काढून घेणे, परगावी नेणे ही तर मानवी तस्करीची लक्षणे आहेत. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

कोलकात्यातील एका देहविक्रय करणाऱ्या महिलेच्या खून खटल्यात आरोपीचे अपील २०११ मध्ये फेटाळल्यावर न्यायालयाने या महिलांच्या पुनर्वसनाचा विषय स्वतःहून पुढे नेला आणि समिती नेमली. १९ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्या समितीच्या काही शिफारशी राज्यांना बंधनकारक केल्या. लैंगिक अत्याचार झालेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलेला इतर कोणत्याही पीडितेप्रमाणेच तातडीचे उपचार मिळाले पाहिजेत. पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागावे. निरोध जवळ सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. छाप्याच्या बातम्यांत ओळख किंवा छायाचित्र उघड होऊ नये.

मात्र प्रौढ आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत पोलिसांनी हस्तक्षेप करू नये आणि छाप्यात तिला अटक करू नये, या शिफारशींवर केंद्राने आक्षेप नोंदवला होता. त्यामुळे ‘देहविक्रयाला न्यायालयाची पूर्ण मान्यता’ हा तेव्हाच्या मथळ्यांचा अर्थ अपुरा होता.

काम करणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी?

या क्षेत्रातल्या संघटना सांगतात ते नियम साधे आहेत. अनोळखी ग्राहकाशी आधी बोलून घ्यावे. कुठे, किती वेळ जात आहोत हे एका विश्वासू व्यक्तीला कळवावे, परतल्याचा निरोप ठरवून ठेवावा आणि निरोप न आल्यास काय करायचे तेही आधीच ठरवावे. कामासाठी वेगळा मोबाइल क्रमांक ठेवावा. घरचा पत्ता, समाजमाध्यमांवरील खाते त्याला जोडू नये. चित्रीकरणास नकार द्यावा. निरोधाबाबत तडजोड करू नये. पैसे घेतले म्हणून नकाराचा हक्क संपत नाही. संमती कोणत्याही क्षणी मागे घेता येते आणि त्यानंतरची जबरदस्ती हा बलात्कार आहे. बचत स्वतःच्या नावावरच्या बँक खात्यात असावी. व्यवसाय सोडायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीसाठी संमती आणि अहवालाची गोपनीयता बंधनकारक आहे. निरोध फाटला किंवा अत्याचार झाला, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करावी लागतात. जितके लवकर तितके चांगले.

दाद कुठे मागायची?

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ हे क्रमांक आहेत. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. छाप्यात बाहेर काढलेल्या महिलेची चौकशी महिला पोलीस अधिकाऱ्यानेच करावी, अशी तरतूद ‘पिटा’तच आहे. सांगलीत ‘संग्राम’ आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९० च्या दशकापासून या महिलांच्या हक्कांसाठी काम करत आहेत.

इतर देशांत काय?

न्यूझीलंडने २००३ मध्ये देहविक्रय गुन्हेगारी कायद्यातून बाहेर काढला. तिथे चार जणांपर्यंत स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना परवान्याशिवाय एकत्र जागा वापरता येते. बेल्जियममध्ये डिसेंबर २०२४ पासून रोजगार करार, आजारपणाची रजा आणि ग्राहकाला नकार देण्याचा हक्क कायद्याने मिळाला. हा व्यवसाय असावा की नसावा, यावर आपल्याकडे मतभेद राहतील. दोन महिलांनी एकमेकींच्या सुरक्षेसाठी सोबत राहणे आणि दलालाने कुंटणखाना चालवणे यांत फरक करण्यासाठी मात्र तो वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी ‘पिटा’तील एका व्याख्येत दुरुस्ती पुरेशी आहे.