जंत पिलात, अंडी मातीत

आष्टी असो की परतूर तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, कुत्री व्याली की पोरं पिलांभोवती गोळा होतात. तीनेक आठवड्यांत पिलांची पोटं टम्म होतात आणि घरातलं कुणीतरी कौतुकानं म्हणतं, "दूध अंगी लागलं!" खरं तर फासळ्या दिसताहेत, केस राठ झालेत आणि पोट तेवढं गरगरीत आहे, तर ते बहुधा जंतांचं पोट असतं. उलटीत किंवा शीत शेवयांसारखे पांढरट, दोन्ही टोकांना निमुळते जंत पडले की मग खात्रीच पटते. हेच गोलकृमी.

"पण पिल्लू अजून ओसरीखाली उतरलेलं नाही, त्याला जंत आले कुठून?" आईकडून. कुत्रीच्या स्नायूंमध्ये या जंतांच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की साधारण सहाव्या आठवड्यानंतर त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिलांपर्यंत पोचतात. कुत्रीला आधी गोळी दिली होती, हे खरं असलं तरी नेहमीची गोळी आतड्यातले जंत पाडते; स्नायूत दडलेल्या अळ्यांना ती सहसा पोचत नाही. मांजरीचं थोडं वेगळं. तिच्या पिलांना हे जंत गर्भात लागत नाहीत, दुधातून लागतात. पुढे उंदीर मारून खाल्ला तरी लागतात, म्हणून "आमची मांजर घरातच असते" या बोलण्यात फारसा अर्थ नाही.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज मात्र विष्ठेबद्दलचा आहे. ताजी घाण वाईट, वाळून गेली की प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. गोलकृमीच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते, पण ताज्या विष्ठेतली अंडी कुणाला बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोन-चार आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते. तोवर पहिल्या पावसानं विष्ठा विरघळून गेलेली असते आणि अंगण अगदी स्वच्छ दिसतं. अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं. फिनेलला ते दाद देत नाही. फरशीवर उकळतं पाणी ओतलं तर अंडी मरतात. मराठवाड्याच्या मे महिन्यातलं ऊन उघड्यावरची बरीच अंडी मारतं, हे मान्य. पण लिंबाखालची सावली, मोरीकडेची ओल, उकिरड्याची कड इथं ती वर्षानुवर्षं तग धरू शकतात.

म्हणून कुत्र्याला नुसता हात लावल्यानं जंत होतात, ही भीती अवास्तव आहे. खरी वाट मातीची: पोरांची नखं, माती खायची खोड, न धुतलेली कोथिंबीर. माणसाच्या पोटात हा जंत मोठा होत नाही. अळी यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकते. त्यामुळे शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही. बहुतेकांना त्रासही जाणवत नाही. पण 1950 साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांच्या काढलेल्या डोळ्यांत अशा अळ्या दाखवल्या, तेव्हापासून नेत्रतज्ज्ञ याकडे गांभीर्यानं बघतात. पोराला एका डोळ्यानं कमी दिसू लागलं किंवा डोळा तिरळा झाला, तर थांबू नये. 10 फेब्रुवारीला शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी जरूर घ्यावी, पण ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी असते. तिच्या एका मात्रेवर इथं विसंबता येत नाही. आणि झोपेत दात खाणं म्हणजे जंत, हे तर सोडूनच द्या.

पिल्लं रस्त्यावर सोडल्यानं काही साधत नाही, अंडी फक्त शेजारच्या अंगणात जातात. कुत्रीच्या पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून आणि मांजराच्या पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, दूध तुटेपर्यंत औषध द्यायचं. आईलाही सोबतच. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा शेळीसाठी आणलेलं औषध अंदाजानं पाजू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. विष्ठा त्याच दिवशी खुरप्यानं उचलून भाजीच्या वाफ्यापासून लांब, खोल खड्ड्यात टाका. आणि बांधकामासाठी वाळूचा ढीग पडलेला असेल, तर रात्री त्यावर ताडपत्री टाका. मांजरं तिथंच बसतात आणि सकाळी पोरं तिथंच खेळतात.