‘अहम्’ मागे पडला, ‘म’ पुढे आला

गंगाखेडात कुणाच्या दाराची कडी वाजवली, की आतून ‘कोन हाय?’ येतं आणि आपण ‘मी’ म्हणून मोकळे होतो. पॅरिसमध्ये असं चालत नाही. फ्रेंचमध्ये ‘मी’ला ‘ज’ म्हणतात खरं. पण नुसतं ‘ज’ म्हणून उत्तर देताच येत नाही. त्याच्या पाठोपाठ क्रियापद हवंच. एकट्यानं उभं राहायचं, शब्दावर जोर द्यायचा, तर वेगळंच रूप लागतं: ‘म्वा’. ‘तू’चं ‘त्वा’, ‘तो’चं ‘ल्वी’. ही फ्रेंचमधली जोरकस सर्वनामं.

एका ‘मी’ला इतकी रूपं कशाला? इथून पुढची गोष्ट थेट आपल्या घरात येते. ‘ज’ निघाला लॅटिन ‘एगो’पासून आणि ‘म्वा’ निघाला ‘मे’पासून. ‘एगो’ आणि संस्कृत ‘अहम्’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरं. ‘मे’ आणि ‘माम्’, ‘मया’ यांतला ‘म’ही एकाच घराण्यातला. फ्रेंचनं ‘एगो’ झिजवून झिजवून ‘ज’ केला आणि भार उचलायचं काम ‘म’वाल्या रूपाकडे सोपवलं. मराठी आणखी पुढे गेली. तिनं ‘अहम्’ला सर्वनामांतून रजाच दिली, तो उरला फक्त ‘अहंकार’सारख्या शब्दांत. आपला ‘मी’ हा ‘मया’चा, म्हणजे ‘माझ्याकडून’चा वंशज.

जनाबाईंचं जन्मगाव असलेल्या याच गंगाखेडाच्या आसपास म्हातारी माणसं ‘म्या केलं’, ‘म्या सांगितलं’ म्हणतात. शाळेत त्याला अशुद्ध ठरवतात. प्रत्यक्षात ते ज्ञानेश्वरीतलं जुनं ‘म्यां’ आहे, त्याच ‘मया’चं.

म्हणून मराठी माणसाला ‘म्वा’ वापरायला फार घोकावं लागू नये. जिथे जिभेवर ‘च’ येतो तिथे ‘म्वा’: ‘मीच केलं’ म्हणजे ‘से म्वा की ले फे’. जिथे ‘तर’ येतो तिथेही तो: ‘मी तर चहा घेणार’ म्हणताना फ्रेंच माणूस आधी ‘म्वा’ म्हणतो, मग ‘ज’ लावून वाक्य सुरू करतो. आणि आपण ‘मीबरोबर’, ‘मीपेक्षा’ म्हणत नाही. ‘माझ्याबरोबर’, ‘माझ्यापेक्षा’ म्हणतो. आपल्याकडे शब्दयोगी अव्यय मागून येतं, त्यांच्याकडे पुढून, पण रूप दोन्हीकडे बदलतं: ‘अवेक म्वा’, ‘क म्वा’.

अनिश्चित सर्वनामांकडे वळलं की चक्रावून जायला होतं. ‘पेरसॉन’ म्हणजे व्यक्ती. त्याचं मूळ लॅटिन ‘पर्सोना’, नाटकातला मुखवटा. पण ‘कोण आलं?’ या प्रश्नाला फ्रेंच माणूस नुसतं ‘पेरसॉन’ म्हणाला, तर अर्थ होतो ‘कोणीही नाही’! ‘रिअँ’चंही तसंच. मूळ अर्थ ‘वस्तू’, आजचा अर्थ ‘काहीही नाही’. झालं असं, की हे शब्द शतकानुशतकं ‘न’ या नकाराच्या शेजारी बसले आणि तो नकार त्यांच्या अंगात मुरला. आपल्याकडेही भर पावसात बाजारात ‘चिटपाखरू नसतं’. उद्या ‘बाजारात कोण होतं?’ या प्रश्नाला नुसतं ‘चिटपाखरू’ असं उत्तर देऊन भागायला लागलं, तर मराठीत तीच वाटचाल सुरू झाली म्हणायची. आज मात्र आपला ‘नाही’ सुटत नाही.

‘ऑं’ हे आणखी एक नवल. लॅटिन ‘होमो’, म्हणजे माणूस, झिजून झालेलं हे सर्वनाम आज ‘कोणीही माणूस’, ‘लोक’ आणि बोलण्यात सर्रास ‘आपण’ म्हणून वावरतं. त्याचं जोरकस रूप ‘स्वा’. ‘शाकँ पूर स्वा’ म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं बघावं. हा ‘स्वा’ आणि आपला ‘स्व’ नात्यानं एकच. मराठी ‘आपण’ निघाला ‘आत्मन्’पासून, तो स्वतःसाठी चालतो, आदराच्या ‘तुम्ही’साठी चालतो आणि सगळ्यांना कवेत घेणाऱ्या ‘आपण’साठीही. एका भाषेनं माणसापासून सुरुवात केली, दुसरीनं आत्म्यापासून. पोचल्या एकाच ठिकाणी.

तरी एक बारकावा मराठीनं राखला आहे. ‘आम्ही परळीला निघालो’ यात ऐकणारा नाही, ‘आपण निघालो’ यात आहे. तेलुगूतही हा भेद आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही आणि फ्रेंच ‘नू’मध्येही नाही. त्यामुळे फ्रेंचमधून मराठीत आणणाऱ्याला वाक्य लिहिण्याआधी ठरवावंच लागतं, की समोरच्यालाही गाडीत बसवायचं आहे का!